दुसऱ्या पालवीपर्यंत

व्यंकटराव सरांना प्रसन्नकुमारनं फसवलं. प्रसन्नकुमार हा सरांचाच विद्यार्थी, आनेकलच्या वाटेवरच्या एका मोठ्या कंपनीच्या आवारातल्या बागांचा मुख्य अधिकारी. सरांनी लिहून दिलेल्या दोन पानी आराखड्यातलं पहिलं पान त्यानं बदललं आणि सरांच्या सहीचं दुसरं पान तसंच ठेवलं. नऊ झाडं मेली आणि दोष सरांच्या नावावर गेला. या प्रकरणात माझाही हात आहे. तो कुठे लागला ते मी पुढे सांगणार आहे. पण आधी सर कोण होते ते सांगतो, कारण ज्यांनी कंपनीचा तो अहवाल वाचला त्यांतल्या बहुतेकांनी सरांना कधी पाहिलेलं नाही.

आनेकल तालुक्यात माझी नर्सरी आहे. निपाणीकडून मी रिकाम्या हातानं आलो, सहा वर्षं दुसऱ्याच्या नर्सरीत कुंड्या लॉरीत चढवल्या आणि मग स्वतःचा तुकडा घेतला. मला कोणी काही शिकवलेलं नाही, आणि शिकवायला आलेल्या माणसाचा मला राग येतो. सर पहिल्यांदा आले तेव्हाही आला.

ते बसनं आले होते. काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, शर्टाच्या खिशात दोऱ्यानं बांधलेलं भिंग. वय पासष्टच्या पुढे. हिरव्या जाळीखालचं एक होंगेचं रोप त्यांनी उचललं. होंगे म्हणजे आपला करंज. इथे सगळे होंगेच म्हणतात. भाव विचारला. शहरातल्या माणसाला मी दुप्पट सांगतो, म्हणजे घासाघीस होऊन बरोबर जागी येतो. सरांनी सरळ खिशात हात घातला. भाव न करणारा माणूस मला सहन होत नाही. आपण त्याला फसवलं की त्यानं आपल्याला, हेच कळत नाही.

पैसे देण्याआधी ते फाटकाजवळच्या मोठ्या होंगेपाशी गेले. छत्रीच्या मुठीनं वरची फांदी ओढून एक पान तोडलं, आतल्या सावलीतलं एक तोडलं, आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवली.

"हे एकाच झाडाचं आहे का?"

"मग काय दोन झाडांचं? माझ्यासमोरच तोडलंत की."

"हाताला काय लागतंय बघा."

वरचं पान लहान, जाड, चामड्यासारखं होतं. आतलं रुंद, गडद आणि कागदासारखं पातळ. वीस वर्षं मी होंगे विकत होतो. कधी असं हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

"झाडाला दोन्ही तऱ्हा करता येतात," सर म्हणाले. "पण एकदा केलेलं पान बदलता येत नाही. जाळीखालची तुमची सगळी पानं ही अशी, सावलीची. कोणी राजाजीनगरात गच्चीवर नेली की चार दिवसांत करपणार. गिऱ्हाईकाला वाटणार, पाणी कमी पडलं. तो पाणी घालत सुटणार, मुळं कुजणार. साहुकार, तुम्ही झाड विकत नाही. सावली विकता, आणि ती घरी नेताना इथेच राहते."

साहुकार हा शब्द आमच्याकडे मानाचाही आहे आणि टोमण्याचाही. मी टोमणा धरला.

"तुम्ही घेणार आहात का शिकवणार आहात?"

"घेणार पण आहे. पैसे घ्या, माझी बस आहे."

ते गेल्यावर मी दहा रोपं जाळीतून काढून उन्हात ठेवली, त्यांना खोटं पाडायला. चौथ्या दिवशी दहाही करपली. मग आणखी दहा काढली. आधी अर्ध्या उन्हात, नंतर पूर्ण उन्हात, अशी तीन आठवडे. त्यांची जुनी पानं गळाली आणि नवी आली ती लहान, जाड. तेव्हापासून माझ्याकडचं एकही झाड तीन आठवडे ऊन खाल्ल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. आज आनेकलमधल्या बाकीच्या नर्सरींपेक्षा माझा भाव जास्त आहे त्याचं कारण एवढंच, आणि ते मी त्यांना सांगणार नाही.

महिन्यानं सर पुन्हा आले. आपल्या रोपाचं नवं पान त्यांनी वहीत दाबून आणलं होतं. मी विचारलं, दर आठवड्याला याल का, काय घ्याल? ते म्हणाले, काही नको. फुकटाचं मला पचत नाही. बराच वेळ आम्ही उलटी घासाघीस केली. मी वाढवत होतो, ते कमी करत होते. शेवटी ठरलं ते असं: दर गुरुवारी ते येणार, विहिरीजवळचा दहा फूट कोपरा त्यांच्या प्रयोगांना द्यायचा आणि दुपारचं जेवण माझ्या घरचं. हा करार आठ वर्षं चालला.

सर इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. घरात मराठी, पण ती आमच्यासारखी नाही. "स्वल्प सरक," "सरी, सोड आता," असं चालायचं. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं. एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. झाड पाणी कसं ओढतं, पान ऊन कसं वापरतं, दुष्काळात काय करतं, हा त्यांचा विषय. लग्न केलं नव्हतं. बसवनगुडीत पहिल्या मजल्यावर ते आणि त्यांची मोठी बहीण सरू अक्का, असे दोघे राहायचे. अक्कांनी सरकारी कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलं होतं. पुढे याचा संबंध येतो.

सरांचा एक नियम होता. झाडाला तहान लागली, झाड रुसलं, झाडाला बरं वाटतंय, असं त्यांच्यासमोर बोलायचं नाही. माझ्याकडे मुनियप्पा म्हणून जुना माणूस आहे, माझ्यापेक्षा वयानं मोठा. सरांना तो मेष्ट्रे म्हणायचा, म्हणजे मास्तर. दुपारी भोपळ्याच्या वेलानं माना टाकल्या की तो नळी घेऊन धावायचा.

"मेष्ट्रे, तहानलंय बघा कसं!"

"मुनियप्पा अण्णा, तहान तुम्हाला लागते. ह्याला नाही लागत. पानातून पाणी जास्त गेलं, खालून कमी आलं, म्हणून सैल पडलं. नळी ठेवा खाली."

"मग मरू देऊ?"

"दुपारी मान टाकली तर संध्याकाळी बघा. संध्याकाळीही खाली असेल तर पहाटे बघा. पहाटेही खाली असेल, तेव्हा पाणी घाला."

वेल संध्याकाळी ताठ उभा. मुनियप्पा आठवडाभर सरांशी बोलला नाही. पण माझं पाणी त्या वर्षी पुष्कळ वाचलं, आणि मुळं कुजण्याची तक्रार जवळजवळ थांबली. कुंडीला पाणी हवं की नको, हे सर माती चाचपून ठरवत नसत. ते कुंडी उचलून बघायचे. सुरुवातीला तर वाण्याचा तराजू आणून सकाळी आणि दुपारी वजन करायचे. दोन वजनांत जो फरक, तेवढं पाणी झाडानं हवेत सोडलं. वजनाची भाषा मला कळते. सरांवर माझा विश्वास बसला तो त्या तराजूमुळे.

बसवनगुडीच्या बाजारात बांगड्यांचं एक दुकान आहे. तिथे सर दर दोन महिन्यांनी जायचे आणि नेलपॉलिश घ्यायचे, बिनरंगाचं. एकदा मी बरोबर होतो. दुकानातली बाई त्यांना ओळखत होती.

"मेष्ट्रे, या वेळी गुलाबी घ्या की. स्वल्प बदल."

"रंग असला की दिसत नाही, अम्मा."

"कोणाला दिसत नाही?" असं म्हणून ती माझ्याकडे बघून हसली. मी लाजेनं बाहेर जाऊन उभा राहिलो.

घरी अक्का वाटच बघत होत्या. "आणलंस? लग्न केलं नाहीस रे व्यंकू, पण नखांचा खर्च संसारी माणसापेक्षा जास्त आहे तुझा."

सरांनी एका पानाच्या पाठीला ते पॉलिश लावलं, वाळू दिलं, चिकटपट्टीनं सोलून काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मी डोळा लावला. पानाच्या पाठीवर शेकडो बारीक फटी, प्रत्येक फटीच्या दोन बाजूंना दोन फुगीर कडा.

"ओठ आहेत," मी म्हणालो.

"ओठ नाहीत. दोन पेशी आहेत. पाण्यानं फुगल्या की मधे फट पडते, सैल पडल्या की मिटते. हे सकाळचं. आता हे दुपारी दोनचं बघा."

दुपारच्या ठशात सगळ्या फटी मिटलेल्या.

"पाणी जाऊ नये म्हणून," सर म्हणाले. "पण मिटल्या की हवाही आत येत नाही. मग अन्नही तयार होत नाही."

"म्हणजे उन्हं कडक झाली की शटर ओढायचं. नुकसान नाही, पण धंदाही नाही."

सरांनी विचार केला. "ही तुलना चालेल. दुकानालाही काही वाटत नाही."

माझं एवढं कौतुक त्यांनी पुन्हा कधी केलं नाही.

त्यांचा सगळ्यात जुना नाद म्हणजे पट्टा. झाडाच्या खोडाभोवती पत्र्याची अरुंद पट्टी, तिला घड्याळजीकडून आणलेली स्प्रिंग, आणि स्प्रिंगला जोडलेला सायकलच्या ताराचा काटा. काट्यामागे खुणा केलेलं कार्ड. दिवसा पानं पाणी ओढतात तेव्हा जिवंत झाडाचं खोड केसभर बारीक होतं, पहाटेपर्यंत मुळांकडून पाणी आलं की पुन्हा भरतं. काटा दिवसभर खाली येतो, पहाटे वर जातो. मी आधी हसलो होतो. मग महिनाभर रोज पाहिलं. रोज तसंच व्हायचं.

मुनियप्पा सगळ्यांना सांगायचा, "मेष्ट्रू झाडाचं बीपी बघतायत." सर चिडायचे. "बीपी नाही! जाडी!" त्यामुळे मुनियप्पा ते मुद्दाम म्हणायचा.

आता मूळ गोष्ट.

त्या कंपनीला फाटकाचा रस्ता रुंद करायचा होता. मधे बारा जुने होंगे होते. तोडले तर बोभाटा होईल, म्हणून उचलून आवारातच मागे लावायचे ठरलं. काम मला मिळालं. प्रसन्नकुमार मला म्हणाला, "तुमच्याकडे आमचे सर येतात ना? त्यांनाच सल्लागार घ्या. मी त्यांच्या हाताखाली शिकलोय." पहिल्या भेटीत तो सरांच्या पाया पडला. सरांनी त्याच्याकडे पाहून एवढंच विचारलं, "आता तरी मोजून लिहितोस का?" कॉलेजात त्यानं कुंडीचं वजन न करताच आकडे भरले होते, आणि भर दुपारी कुंडीचं वजन वाढलेलं दाखवलं होतं. तो हसला. आम्ही सगळेच हसलो.

सरांनी आराखडा दिला. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात. पाणी घेतात ती टोकाची, केसासारखी बारीक. मोठं झाड उचललं की बारीक मुळं सगळी मागे राहतात. म्हणून आधी झाडाभोवती अर्धं वर्तुळ खणायचं, त्यात शेणखत आणि वाळू भरायची आणि खोडाजवळ नवी बारीक मुळं फुटू द्यायची. ती फुटली की उरलेलं अर्धं. तीही फुटली की मग क्रेन. डिसेंबरात सुरुवात केली तर झाड उचलायचं जूनमध्ये, हवेत ओल आल्यावर. सहा महिने. आणि शेवटी एक ओळ, जी सर नेहमी बोलायचे: दुसऱ्या पालवीपर्यंत झाड जगलं असं म्हणू नये. कारण उचललेल्या झाडाला पंधरा-वीस दिवसांत पालवी फुटतेच, पण ती खोडात साठवलेल्या अन्नावर फुटते. मुळांनी काम सुरू केलं की नाही हे कळतं दुसऱ्या पालवीला.

अक्कांनी ते घरी टाइप केलं. पहिल्या पानावर वेळापत्रक, दुसऱ्यावर सूचना आणि खाली सही. नमुना म्हणून ऑक्टोबरातच आम्ही दोन झाडांभोवती खणून पाहिलं होतं. बाकीची दहा डिसेंबरात घेतली.

जानेवारीत प्रसन्नकुमारनं मला बोलावलं. मार्चमध्ये परदेशातले पाहुणे येणार होते, नव्या फाटकाचं उद्घाटन होतं. झाडं याच महिन्यात हलवायची. मी टेबलावर हात आपटला. मी म्हणालो जून म्हणजे जून. तो म्हणाला, जानेवारी. मी खुर्ची मागे ढकलून उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. हे सगळं मला येतं. तीस वर्षं हेच केलं आहे. दोन तास भांडून मी त्याला फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत आणला. बाहेर आलो तेव्हा मी खुशीत होतो. त्याच्या तोंडातून महिनाभर तरी काढला होता.

गुरुवारी सरांना सांगितलं. ते विहिरीजवळ कुंडी उचलून बघत होते. ती त्यांनी खाली ठेवली.

"तुम्ही कोणाशी भाव केलात?"

"प्रसन्नकुमारशी. जानेवारी म्हणत होता. फेब्रुवारीअखेरवर आणला."

"सहा महिने ही माझी मागणी नव्हती, साहुकार. मी वाढवून सांगत नसतो. तेवढे लागतात म्हणून सांगितले होते." त्यांनी हाताची माती झटकली. "दोन बाजूंचा सौदा झाला. तिसरी बाजू तिथे नव्हती."

माझा हात लागला तो इथे. मी सगळ्यांचं बोलणं निम्म्यावर आणतो, कारण सगळे दुप्पट सांगतात असं मी धरून चालतो. हा माणूस दुप्पट सांगत नाही, हे मला आठ वर्षांत कळायला हवं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्याशी भाव केला नव्हता.

सरांनी प्रसन्नकुमारला पत्र लिहिलं, अक्कांनी टाइप केलं: फेब्रुवारीत हलवल्यास जबाबदारी माझी नाही. उत्तर आलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी क्रेन आली. अकरा झाडं हलली. बाराव्याला बांधलेला क्रेनचा पट्टा दोनदा निसटला. शेवटी रस्त्याची आखणी चार फूट सरकवून ते जागेवरच ठेवलं, एक बाजू खणलेली, अगदी कंपनीच्या कुंपणाला लागून.

सरांनी बाराही झाडांना आपले पट्टे बांधले. काम मोडलं असलं तरी मोजायचं का सोडायचं, असं ते म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी अकराही झाडांना पोपटी पालवी होती. खरं सांगायचं तर फार छान दिसत होती. सरांना शाल, चंदनाचा हार. एका झाडाखाली त्यांना उभं करून फोटो काढला, शेजारी प्रसन्नकुमार, त्याचा हात सरांच्या पाठीवर. मग सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर दोनच वाक्यं बोलले.

"ही पालवी खोडातल्या साठ्याची आहे. दुसरी आली की मला परत बोलवा."

लोकांना तो विनय वाटला. जोरात टाळ्या वाजल्या.

त्याच आठवड्यात काटे बोलू लागले. बोलू लागले हा माझा शब्द. सरांना चालला नसता. ऑक्टोबरात खणलेल्या दोन झाडांचा काटा दुपारी खाली आणि पहाटे वर, जसा असावा तसा. उरलेल्या नऊंचा दुपारी खाली यायचा आणि पहाटे तिथेच राहायचा. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. नवी पानं खोडातलं पाणी उडवत होती आणि खालून येत काहीच नव्हतं. वर झाड हिरवंगार.

सर आणि मी प्रसन्नकुमारकडे गेलो.

"नऊ झाडांची पानं काढून टाका," सर म्हणाले. "आजच, हातानं. खोडांना ओलं गोणपाट गुंडाळा, वर जाळी बांधा. अजून वेळ आहे."

"पानं काढू? सर, आत्ता कुठे हिरवी झालीयत! पाहुणे अजून दोन आठवडे इथे आहेत. गोणपाट गुंडाळलेली झाडं दाखवू त्यांना?"

"काटे बघ. मी लिहून आणलेत."

"सर, काटा कोण बघतो? लोक पानं बघतात."

मी तिथे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन वॉचमननी मला बाहेर काढलं. माझं काम तिथेच थांबलं. सरांचा आत जायचा पास पुढच्या आठवड्यात बंद झाला. विचारलं तर सांगितलं, मुदत संपली.

एप्रिलमध्ये पालवी लोंबू लागली, मे महिन्यात नऊ झाडं उभी वाळली. दोन जगली. जी दोन जगली ती ऑक्टोबरात खणलेली होती, म्हणजे त्यांना मुळं फोडायला सगळ्यात जास्त वेळ मिळाला होता. यापेक्षा सरळ पुरावा कोणता असतो ते मला माहीत नाही.

जूनमध्ये कंपनीनं अहवाल काढला आणि आसपासच्या वस्त्यांत, कॉलेजांतसुद्धा वाटला. त्यात लिहिलं होतं की सल्लागारांच्या आराखड्याप्रमाणे काम केलं, दुर्दैवानं ती पद्धत यशस्वी झाली नाही. सोबत आराखड्याची प्रत. पहिल्या पानावर: तीन महिने, उचलणे फेब्रुवारीअखेर. दुसऱ्या पानावर सरांची सही.

मी ती प्रत घेऊन बसवनगुडीला गेलो. सरांनी वाचली आणि अक्कांकडे दिली. अक्कांनी चष्मा लावला, पानं उजेडात धरली, आणि पहिलं पान माझ्यापुढे टाकलं.

"हे पान माझं नाही. मी डावीकडे बोटभर जागा सोडते, फाइलला भोक पाडायला. तीस वर्षं सोडलीय. दुसऱ्या पानात बघा, आहे. ह्यात नाही."

मी म्हणालो, चला, आत्ताच्या आत्ता जाऊ. सर उठले नाहीत.

"व्यंकू, ह्यानं तुझं नाव खाल्लं रे," अक्का म्हणाल्या.

"नाव खाता येत नाही, अक्का."

"सरी, तू शिकव मला आता!" असं म्हणून अक्का आत गेल्या. आतून भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला.

सरांचं जुनं कॉलेज दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलायला त्यांना बोलवत असे. ते सगळ्यांना पानांच्या पाठीला नखांचं पॉलिश लावायला लावायचे आणि मुलं तास संपला तरी उठायची नाहीत. त्या वर्षी फोन आला, या खेपेला राहू द्या, मुलांनी कंपनीचा अहवाल वाचलाय. सरांनी विकत आणून ठेवलेल्या सहा बाटल्या गुरुवारी माझ्या इथे आणल्या आणि कोपऱ्यातल्या फळीवर ओळीनं लावल्या. मुनियप्पानं त्या दिवशी बीपी म्हटलं नाही.

गुरुवार मात्र चालू राहिले. फक्त बस ते आता एक थांबा आधी सोडायचे. का, ते मला उशिरा कळलं. एकदा सकाळी सातच्या सुमाराला मी टेंपो घेऊन त्या कंपनीवरून चाललो होतो. कुंपणाच्या जाळीबाहेर, रस्त्याच्या कडेला सर उभे होते. काखेत छत्री, डोळ्यांना पक्षी बघायची जुनी दुर्बीण. आत, आठ-दहा पावलांवर, न हललेला बारावा होंगे. त्याचा पट्टा कोणी काढला नव्हता. वॉचमन जाळीच्या आतून त्यांच्याकडे बघत होता; त्याला सवय झाली असावी.

मी टेंपो थांबवून उतरलो. नऊ झाडांच्या जागी आता मोठ्या पिंपांत पाम ठेवले होते.

"बिचारी," मी म्हणालो. "फुकट गेली सगळी."

"बिचारी म्हणू नका. पाणी वर यायचं थांबलं, एवढंच." त्यांनी दुर्बीण काढली नाही. "आलात तर लिहून घ्या. माझी वही पिशवीत आहे. एका हातानं जमत नाही."

मी वही काढली. तारखेखाली तारीख, दर गुरुवार, पहाटेची जाडी. खणलेल्या बाजूची मुळं पुन्हा वाढली होती. काटा वर होता. सरांनी आकडा सांगितला. मी लिहिला. त्यांनी पुन्हा बघितलं आणि तोच आकडा पुन्हा सांगितला, म्हणजे मी नीट लिहिला की नाही ते कळावं. मग दुर्बीण पिशवीत टाकून म्हणाले, "दुसरी पालवी आलीय. चला."

टेंपोत बसा म्हटलं तर बसले नाहीत. बसचा पास काढलाय, म्हणाले. थांब्याकडे चालत गेले. त्यानंतरचा गुरुवार आला तो अक्कांच्या फोननं. सर सकाळी उठलेच नाहीत.

वही आता माझ्याकडे आहे. त्यात सगळ्या बारा झाडांचे आकडे आहेत: दोन, जी मुदत मिळाल्यामुळे जगली, नऊ, ज्यांचा काटा मार्चमध्येच पहाटे परत वर यायचा थांबला, आणि एक, जे हललंच नाही. फेब्रुवारीतल्या पत्राची प्रत आहे. अक्कांनी त्यांच्या फाइलमधलं खरं पहिलं पान दिलं आहे, डावीकडे बोटभर जागा सोडलेलं, जून महिना लिहिलेलं. कंपनीनं वाटलेली प्रतही आहे. मी चौघांसमोर ही पानं एकमेकांशेजारी ठेवायला तयार आहे. मी वेळेचा भाव केला, ती चूक माझी. ती मी इथे माझ्या नावानं लिहिली आहे, आणि कोणी विचारलं तर तोंडानंही सांगेन.

प्रसन्नकुमार, आता तुमची पाळी. पहिलं पान कोणी बदललं ते सांगा. माझ्या नर्सरीत येऊन सांगू नका, फोन करून समजुतीचं बोलू नका, मधे माणूस घालू नका. यात घासाघीस होणार नाही. तो अहवाल ज्या ज्या कॉलेजात वाटलात तिथे जाऊन सांगा, आणि बसवनगुडीला पहिल्या मजल्यावर सरू अक्का आहेत, त्यांच्यासमोर उभे राहून सांगा.